अक्षर, वळण आणि संकेत : मोडी लिपीच्या संगणकीय संकेतनाचा प्रश्न

१

कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याचे नाव आज 'भुदरगड' असे लिहिण्याची रूढी आहे. छापील मजकुरात 'भूदरगड' हे रूपही अधूनमधून आढळते. भेद एका उकाराचा आहे. दीर्घ उकार लिहिला की पर्वत या अर्थाचा 'भूधर' हा संस्कृत शब्द वाचकाच्या मनात जागा होतो आणि किल्ल्याच्या नावाला एक व्युत्पत्ती मिळते. ऱ्हस्व उकार लिहिला की नाव व्यवहारातील रूढ रूपावर थांबते. कोल्हापूर संस्थानच्या काळात, भुदरगड हा संस्थानचा एक पेटा असताना, जे कागद मोडीत लिहिले गेले त्यांत या भेदाला स्थान नव्हते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सामान्यतः पाळले जात नाही. तेव्हा अशा कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर करणारा अभ्यासक 'भु' लिहो वा 'भू' लिहो, मुळात नसलेला एक निर्णय तो मुळाच्या नावावर जमा करीत असतो.

हा प्रश्न वरवर पाहता शुद्धलेखनाचा वाटतो. वस्तुतः तो संहितेच्या स्वरूपाचा प्रश्न आहे. लेखनातील कोणते भेद अर्थाला बांधलेले मानायचे आणि कोणते लिहिणाऱ्या हाताचे, हे ठरविल्याखेरीज कोणतीही संहिता सिद्ध होत नाही. हस्तलिखिताची छापील आवृत्ती तयार होताना हा निर्णय संपादक घेत असे. लिपीचे संगणकीय संकेतन होते तेव्हा तोच निर्णय एका संपूर्ण लिपीच्या बाबतीत, एकदाच आणि पुढील सर्व संपादकांच्या वतीने घेतला जातो. २०१४ साली युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला, ही घटना मराठीत बहुधा लिपीच्या पुनरुज्जीवनाची वार्ता म्हणून स्वीकारली गेली. ती एक समीक्षात्मक कृतीही होती, हे मात्र दुर्लक्षित राहिले. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचे संकेतन तिच्याशेजारी ठेवून पाहिले तर या कृतीचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात.

२

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. जगातील लिप्यांमधील प्रत्येक चिन्हाला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मजकुराची ओळख कायम राहील, ही तिच्यामागील कल्पना. परंतु चिन्ह म्हणजे काय? युनिकोडचे उत्तर असे की क्रमांक वर्णचिन्हाला मिळतो, अक्षराकृतीला मिळत नाही. 'क' शिळाप्रेसच्या वळणाचा असो, खिळ्यांचा असो अथवा शाळकरी मुलाच्या पाटीवरचा असो, त्याचा क्रमांक एकच. वळण हा टंकाचा, म्हणजे दृश्य रूपाचा विषय.

या विभागणीची वंशावळ भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला अनोळखी नाही. स्वनिम आणि स्वनांतर यांतील भेद येथे लेखनाला लावलेला आहे. मात्र स्वनिम ठरविताना भाषकाची साक्ष हाताशी असते. ध्वनी बदलल्याने अर्थ बदलतो की नाही, हे त्याला विचारता येते. ज्या लिपीचे लेखक उरलेले नाहीत, तेथे ही साक्ष कोणाची काढायची? तेथे भाषकाच्या जागी प्रस्तावकर्ता आणि समिती येतात, आणि त्यांच्यामागे त्या लिपीच्या अभ्यासाची जी परंपरा असेल ती येते.

जिवंत लिपीच्या बाबतीतही हा निर्णय सोपा नसतो, याचा अनुभव मराठीने घेतला आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. भारतीय लिप्यांना एका सामाईक चौकटीत बसविण्याची इस्कीची दृष्टी व्यवहारतः मोलाची होती. तथापि मराठीचा एक भेद या चौकटीत सहज सामावला नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. या दोन शब्दांना वेगळे ठेवणारा अर्धा 'र' हिंदीच्या लेखनाला लागत नाही. मराठीला तो अर्थभेदासाठी लागतो. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो : एकात 'ऱ' या स्वतंत्र वर्णचिन्हापुढे हलन्त येतो, तर दुसऱ्यात साध्या 'र'च्या पुढे हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात; यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. एका मार्गाने लिहिलेला शब्द दुसऱ्या मार्गाने शोधू गेल्यास, यंत्राला तशी वेगळी सूचना नसेल, तर सापडत नाही. दृश्य एकरूप असूनही संहिता दुभंगलेली असू शकते, ही मुद्रणयुगाला अपरिचित असलेली स्थिती येथे प्रथमच निर्माण झाली.

३

इजिप्तच्या चित्रलिपीसमोर हा पेच अधिक तीव्रतेने उभा राहिला. शाँपोलियाँने १८२२ मध्ये तिच्या वाचनाची दिशा खुली केल्यानंतर शतकभराने, १९२७ साली, ॲलन गार्डिनर यांचे इजिप्शियन व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यातील चिन्हसूचीत सातशेहून अधिक चिन्हे पुरुष, स्त्री, पक्षी, वनस्पती, इमारती अशा २६ वर्गांत लावलेली होती. छापखान्याच्या सोयीसाठी आणि विद्यार्थ्यांच्या गरजेसाठी केलेली ही निवड. पण अभ्यासकांच्या दोन-तीन पिढ्यांनी लिपी याच सूचीतून पाहिली. २००९ साली युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत इजिप्शियन चित्रलिपीला १,०७१ क्रमांक मिळाले, तेव्हा त्यांचा पाया मुख्यतः गार्डिनर यांची सूची हाच होता. एका पाठ्यपुस्तकाची व्यवस्था अशा रीतीने लिपीची व्यवस्था झाली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे २००९ मध्ये चिन्हे संकेतित झाली, त्यांची मांडणी झाली नाही. इजिप्तचा लेखक चिन्हे एकापुढे एक रांगेत लावीत नसे. एका कल्पित चौकोनात तो ती रचीत असे : उभट चिन्ह एकटे, आडवी चिन्हे एकाखाली एक, लहान चिन्ह पक्ष्याच्या छातीपुढील मोकळ्या जागेत. देवाचे नाव उच्चारात नंतर येत असले तरी मानासाठी लेखनात आधी येई. म्हणजे अवकाश हा या लेखनाचा बाह्य अलंकार नव्हता, तो त्याच्या व्याकरणाचा भाग होता. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका संकेतपद्धतीत चिन्हांच्या नावांमध्ये विरामचिन्हे घालून ही रचना नोंदविण्याची सोय होती. युनिकोडला ती मान्य होण्यास वेळ लागला. २०१९ च्या १२.० या आवृत्तीत रचना दाखविणारी नऊ नियंत्रणचिन्हे आली. २०२२ मध्ये त्यांत भर पडली आणि झिजलेली वा फुटलेली जागा दर्शविण्याचीही सोय झाली. २०२४ साली १६.० या आवृत्तीने आणखी ३,९९५ चिन्हे स्वीकारली.

या क्रमाचा अर्थ पाहण्याजोगा आहे. प्रथम असे गृहीत धरले गेले की लिपी म्हणजे चिन्हांची यादी. मग यादीने संहिता उभी राहत नाही हे उमगले आणि संबंधांना क्रमांक मिळाले. शेवटी दगडाची झीजही संहितेचा भाग ठरली. पंधरा वर्षांच्या या प्रवासात संकेतनाची सीमा सरकत गेली, आणि प्रत्येक टप्प्यावर जे आधी 'वळण' म्हणून बाजूला ठेवले होते ते 'अक्षर' म्हणून परत आले. अक्षर आणि वळण यांतील रेषा निसर्गदत्त नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

४

इजिप्तमध्ये चित्रलिपीबरोबरच हायरॅटिक ही धावती लिपी होती. पपायरसवर बोरूने लिहिताना चिन्हांची चित्रमयता ओसरली, रेषा एकमेकींत मिसळल्या. इजिप्तविद्येत हायरॅटिक मजकूर अभ्यासासाठी चित्रलिपीत उतरवून घेण्याची जुनी पद्धत आहे. युनिकोडने हीच पद्धत तत्त्व म्हणून स्वीकारली आणि हायरॅटिकला चित्रलिपीचेच टंकभेदात्मक रूप मानले. तिला स्वतंत्र क्रमांक नाहीत.

मोडी आणि बाळबोध यांचा संबंध याच्याशी कितीतरी जुळतो. बाळबोध ही पोथीची, शिलालेखाची आणि नंतर मुद्रणाची लिपी. मोडी ही दफ्तराची, लेखणी शक्य तितकी न उचलता लिहिण्याची लिपी. मराठी इतिहाससंशोधनातही मोडी कागद बाळबोधीत उतरवूनच छापण्याची प्रथा पडली. तरीही युनिकोडचा निर्णय येथे उलट झाला. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानुसार मोडीला देवनागरीहून निराळी लिपी मानून ७९ चिन्हे देण्यात आली : स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे, अंक, दंड आणि संक्षेपचिन्हही.

एकच संस्था, धावत्या लिप्यांची दोन उदाहरणे, आणि परस्परविरुद्ध दोन निवाडे. यात विसंगती शोधण्यापेक्षा निकष शोधणे फलदायी ठरेल. मोडीच्या बाजूने सबळ कारणे होती. तिची अक्षररूपे देवनागरीवरून ओळखता येत नाहीत. तिच्या लेखननियमांत भेद आहे. आणि ती स्वतंत्रपणे छापली गेलेली लिपी आहे. विल्यम कॅरे यांचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला तेव्हा मराठी शब्दांसाठी मोडी खिळे वापरलेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकविली जात होती. 'आपली एक वेगळी लिपी आहे' ही तिच्या लेखकांची जाणीव त्यामुळे साक्षीदार म्हणून उपलब्ध होती. हायरॅटिकच्या बाजूने बोलायला फक्त इजिप्तविद्या होती, आणि तिने आधीच चित्रलिपीला प्रमाण मानले होते. सारांश, लिपीचे स्वातंत्र्य तिच्या आकृतीवरून ठरत नाही. तिच्याविषयी बोलणारा समाज आणि तिचे संपादन करणारी परंपरा यांवरून ते ठरते.

नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये कलाकृतींचे दोन वर्ग कल्पिले होते : ज्यांची प्रतिकृती हे खोटेकाम ठरते अशा हस्तनिष्ठ कृती, उदाहरणार्थ चित्र; आणि ज्यांची प्रत्येक अचूक नक्कल ही ती कृतीच असते अशा संकेतनिष्ठ कृती, उदाहरणार्थ कविता. मोडी कागद या विभागणीत अवघडतो. त्यातील मजकूर संकेतनिष्ठ आहे. तो उतरवून घेता येतो. पण सनद म्हणून त्याचे प्रामाण्य हस्तनिष्ठ आहे. शिक्का, मोर्तब, हस्ताक्षर आणि कागद यांवर ते अवलंबून आहे. मजकूर संपला हे सांगणारी मर्यादेची मुद्रा शेवटच्या शब्दाला भिडून उमटवावी लागते, कारण त्यापुढे कोणी काही घालू नये हा तिचा हेतू. तिचे कार्य अर्थात नाही, जागेत आहे. चित्रलिपीच्या चौकोनाप्रमाणेच ते क्रमांकांच्या रांगेत बसत नाही.

५

संकेतित मोडी आणि लिहिलेली मोडी यांतील अंतर तीन ठिकाणी प्रकर्षाने जाणवते.

पहिले ऱ्हस्व-दीर्घाचे. युनिकोडच्या मोडी विभागात 'इ' आणि 'ई', 'उ' आणि 'ऊ' यांना, तसेच त्यांच्या स्वरचिन्हांना, स्वतंत्र क्रमांक आहेत. देवनागरीशी समांतरता राखण्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. पण ज्या लेखनात हा भेद नव्हता त्या लेखनाचा संकेतपाठ तयार करताना लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी दोहोंपैकी एक निवडावाच लागतो. 'दोन्ही नाही' असा क्रमांक नसतो. भुदरगडचा उकार बाळबोधीत उतरविताना जी अडचण आली ती मोडी टिकवूनही टळत नाही. ती केवळ एक पायरी अलीकडे येते.

दुसरे संक्षेपाचे. मोडी कागदात 'मौजे' हा शब्द 'मौ॥', 'कसबे' हा 'क॥', 'परगणे' हा 'प॥' असा आखडून लिहिला जातो. गारगोटी हे गावाचे नाव आहे तसाच तो एक सामान्य शब्दही आहे. शेतातला पांढरा, कठीण दगड म्हणजे गारगोटी. मोडीत विशेषनामाला वेगळे चिन्ह नाही. इजिप्तच्या लेखनात गावाच्या नावामागे चौरस्ता दाखविणारे वर्तुळ काढीत. ते वाचले जात नसे, फक्त 'हे गाव आहे' असे सांगत असे. मोडीतील 'मौ॥' उच्चारले जाते, पण त्याचे एक काम या वर्तुळाच्या जवळचे आहे : पुढे येणारी गारगोटी दगड नव्हे, गाव आहे. लिप्यंतरकार 'मौ॥' फोडून 'मौजे' लिहितो तेव्हा चिन्हाचे पूर्ण शब्दात रूपांतर होते आणि ते चिन्ह म्हणून काय करीत होते याची खूण पुसली जाते. संक्षेपचिन्हाला क्रमांक मिळाल्याने ही खूण निदान राखता येते. संकेतनाची ही निर्विवाद जमेची बाजू आहे.

तिसरे शब्दांच्या आणि वाक्यांच्या सीमांचे. मोडीचा लेखक आधी पानभर आडवी शिरोरेषा ओढतो आणि तिच्याखाली अक्षरे लटकवीत जातो. शब्द सुटे होत नाहीत; विरामचिन्हे जवळजवळ नसतात. पद कोठे संपले हे वाचकाने अर्थावरून ठरवायचे. येथे साहित्यसमीक्षेचा थेट संबंध येतो. बखरगद्याच्या शैलीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १६९७ च्या सुमारास लिहिली गेलेली सभासदाची बखर तिच्या आटोपशीर, तुटक वाक्यांसाठी नावाजली जाते. ती वाक्ये क्रियापदांनी बांधलेली आहेत, हे खरे. परंतु पूर्णविराम, परिच्छेद आणि शब्दांमधील अवकाश हे छापील आवृत्त्यांचे आहेत. वाचक ज्या लयीला 'बखरीची लय' म्हणतो तिच्यात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील संपादकांचा कान किती आहे, याचा हिशेब शैलीविचाराने क्वचितच मांडला आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. मराठीचे जुने गद्य आज ज्या रूपात वाचले जाते ते अशाच प्रयत्नांमुळे. हे ऋण मान्य करूनच म्हणावे लागते की ते एक संकेतन होते. लिप्यंतर हे मोडीचे पहिले संकेतन, युनिकोड हे दुसरे.

त्यात भर म्हणजे मोडी ही एक नाही. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशी तिची कालिक वळणे. चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी तिची घराण्यांची आणि हातांची वळणे. युनिकोडने या सर्वांना एकाच मोडीचे टंकभेद मानले. वाचनाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. 'क' हा चिटणीसी असो वा रानडी, 'क'च आहे. परंतु कागदाचा काळ ठरविणाऱ्या, बनावट सनद ओळखणाऱ्या अभ्यासकाला वळण हाच पुरावा असतो. एकाचे स्वनांतर ते दुसऱ्याचे स्वनिम.

६

यावर दोन प्रकारचे आक्षेप संभवतात. पहिला व्यवहारवाद्याचा : वाचकाला मजकूर हवा आहे, तो बाळबोधीत मिळाला की पुरे, मोडीच्या क्रमांकांची उठाठेव कशाला? दुसरा हस्तलिखितवाद्याचा : यंत्रात घातलेली मोडी ही मोडीच नव्हे, मूळ कागदाची प्रतिमा हीच एक विश्वसनीय संहिता.

पहिल्या आक्षेपाचे बळ वाढत आहे. २०२५ साली रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह मोडी कागदाच्या प्रतिमेवरून थेट देवनागरी मजकूर देणारी यंत्रपद्धती मांडली. मोडी वाचणारे थोडे आणि न वाचलेले कागद अगणित, या स्थितीत तिची उपयुक्तता उघड आहे. पण तिच्या रचनेत मोडीचा संकेतपाठ ही मधली पायरीच नाही. प्रमाणप्रणालीने मोडीला स्वतंत्र लिपी ठरविले; तंत्राने तिला हायरॅटिकच्या जागी नेऊन ठेवले. आणि येथे ऱ्हस्व-दीर्घाचा, संक्षेपाचा, पदच्छेदाचा निर्णय कोणा संपादकाच्या नावावर नाही. राजवाड्यांच्या वाचनाशी मतभेद नोंदविता येतो, कारण ते राजवाड्यांचे आहे. यंत्राचे वाचन मात्र वाचन म्हणून समोर येत नाही. तेच मूळ म्हणून पुढे येते.

या प्रश्नाचे गांभीर्य पांडित्यापुरते नाही. २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी कागदही उलगडले गेले. एका आखडून लिहिलेल्या शब्दाच्या वाचनावर एखाद्या कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबून राहू शकते, हे त्या काळात सामान्य माणसालाही कळले. गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी जमिनीचा जुना वाद निघतो, तेव्हाही 'मौ॥' कोठे संपला आणि नाव कोठे सुरू झाले, हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही.

दुसऱ्या आक्षेपातही तथ्य आहे, पण तो स्वतःला पुरेसा नाही. प्रतिमा शोधता येत नाही, ताडता येत नाही, तिच्यावर शब्दकोश वा सूची उभारता येत नाही. कागद कपाटात बंद होता तसाच तो पडद्यावर बंद राहतो. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांनी १९६७ मध्ये लेखनाला उच्चाराची सावली मानणाऱ्या परंपरेची चिकित्सा केली आणि मराठी समीक्षेनेही त्या चर्चेचे पडसाद ऐकले. त्यातून एवढे तरी निष्पन्न व्हावे की लेखनाचे कोणतेही एक रूप, ते बाळबोध असो, संकेतपाठ असो वा प्रतिमा असो, 'मूळ' म्हणून निर्दोष नसते.

म्हणून तिन्ही थर एकमेकांना जोडलेले, तरी एकमेकांत न मिसळलेले ठेवणे हाच संहिताशास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य मार्ग दिसतो. प्रतिमेत कागदाचे वळण, झीज आणि शिक्क्याची जागा राहील. मोडी संकेतपाठात संक्षेप न फोडता, पदे न तोडता, आणि उकार-इकारांबाबत एकच घोषित नियम पाळून, कागदावर जे आहे तेवढेच राहील. बाळबोध पाठात संपादकाचे वाचन, त्याच्या नावासह आणि कारणांसह, राहील. इजिप्तविद्येला चौकोन आणि झीज यांची किंमत कळायला जो वेळ लागला, तो मोडीच्या अभ्यासकांना तिच्या अनुभवावरून वाचविता येण्यासारखा आहे.

अशा व्यवस्थेत भुदरगडचा उकार पहिल्या थरात एक रेषा असेल, दुसऱ्यात नियमाने ठरलेला एक क्रमांक, आणि तिसऱ्यात 'भु' अथवा 'भू' असा कोणा एकाचा अभिप्राय. 'भूधर'ची व्युत्पत्ती ज्याला मान्य असेल त्याने ती तेथे मांडावी. कागदाने ती सांगितली, असे मात्र मग कोणाला म्हणता येणार नाही.